वीस आकड्यांची शांतता

तुमचा यावर विश्वास बसणार नाही. मास्तरांचा तर नाहीच बसणार. चाळीस वर्षं त्यांनी पोरांच्या खोट्या आजारांच्या चिठ्ठ्या वाचल्यात, आता खरा ताप चढला तरी ते आधी अक्षर तपासतात. तरी सांगतो. लिफ्टवर 'बंद'ची पाटी आहे, सुरू व्हायला अजून तासभर आहे म्हणे, आणि लिफ्टवाला 'तासभर' म्हणाला की दोन धरायचे. जिना चढून आपापल्या खोलीत जाईल असा गुडघा इथे एकाचाही नाही. तेव्हा खुर्च्या जरा पुढे ओढा. खिडकीजवळच्या मावशी, तुम्ही विणा आपलं. सुयांची टकटक असली की मला बोलायला ताल मिळतो.

तर एक होता मिस्त्री. लिफ्टचा मिस्त्री. कुठल्या गावचा ते विचारू नका. इथला नव्हता एवढं पुरे. माणूस असा तापट, की तो चिडला की समोरचा गार झालेला चहा पुन्हा उकळायला लागायचा. त्याची बायको तर मुद्दाम गार चहा त्याच्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "अहो, चर्चच्या मंडळीचे अध्यक्ष काय म्हणाले ऐकलंत का?" तेवढाच गॅस वाचला.

"फेका," मास्तर म्हणाले.

फेकतो. झेलायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

त्या गावात मंडळीनं चालवलेला एक वृद्धाश्रम होता. चार मजले. तळमजल्यावर उपासनेचा हॉल, वर खोल्या. त्या चारमजलीची जुनी लिफ्ट या मिस्त्रीकडे. तो त्याच मंडळीचा सभासद, मागून दुसऱ्या बाकावर बसणारा, आणि गीत गाताना सगळ्यांच्या आधी संपवणारा.

आता थोडं कामातलं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला एक कडी असते आणि कडीपाशी छोटासा स्विच. कडी नीट बसली की स्विच जोडला जातो. सगळ्या मजल्यांची दारं "मी बंद आहे, मी बंद आहे" म्हणाली की मगच लिफ्ट हलते. एखादं दार गप्प राहिलं तर जागची हलत नाही. शहाणी वस्तू. पण दुरुस्ती करताना कधी कधी ती हलवून बघावी लागते. तेव्हा मिस्त्री लोक वरच्या मशीनच्या खोलीत जातात, पॅनेल उघडतात आणि त्या स्विचच्या दोन टोकांना एक तार जोडतात. मग दार सताड उघडं असलं तरी लिफ्टला वाटतं, बंद आहे. लिफ्टशी खोटं बोलायची तार. म्हणून ती लाल असते, हातभर लांब असते, आणि नियम असा की ती लावलेली असेतोवर पॅनेलचं झाकण लावायचं नाही. लाल शेपूट बाहेर लोंबतं राहिलं पाहिजे. आणि तार खिशात परत आल्याशिवाय इमारत सोडायची नाही. या धंद्यात पाना धरायला नंतर शिकवतात, हे आधी.

एका शनिवारी तिसऱ्या मजल्यावरची कडी झिजून गेली. दार लागायचं, पण धरायचं नाही. स्विच कधी जोडला जायचा, कधी नाही. लिफ्ट बंद. मिस्त्रीनं पाटी लावली. तेवढ्यात अध्यक्ष आले. पोट पुढे, घड्याळ हातात.

"मिस्त्री, उद्या प्रभुभोजनाची उपासना. वर अकरा म्हातारी माणसं आहेत. त्यांना काय खिडकीतून खाली सोडू?"

"नवी कडी गुरुवारी येतेय. तोवर लिफ्ट बंद."

"तुमच्याकडे काहीतरी युक्ती असेलच की."

"आहे. पण ती युक्तीच आहे, दुरुस्ती नाही."

"पुण्याचं काम आहे हो. आणि देव सांभाळतो."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बघा गंमत, राग आला म्हणून माणूस 'नाही' म्हणतोच असं नाही. कधी कधी नुसता पाय आपटत जातो आणि नको ते काम जास्त जोरात करून येतो. हा वर गेला, तार जोडली, लाल शेपूट आत कोंबलं आणि झाकण लावून टाकलं.

रविवारी अकराच्या अकरा खाली आली. एका आजीनं तर त्याचा हात धरून दोन्ही डोळ्यांना लावला. "तुझ्यामुळे रे बाळा, तुझ्यामुळे." बाळ तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचं होतं. फुगलं.

त्या मंडळीची एक रीत होती, तीही सांगून ठेवतो. प्रभुभोजनाची भाकर वाटण्याआधी पाळकसाहेब म्हणायचे, "ज्याच्या मनाला काही टोचतंय, ज्यानं कुणाचं काही बिघडवलंय, त्यानं उठावं, आधी ते मिटवावं, मग इथे यावं." आणि गप्प उभे राहायचे. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचे; त्यांचं बोट मेजावर हलायचं त्यावरून सगळ्यांना कळायचं. वीस झाले की भाकर उचलायचे. आजवर त्या वीस आकड्यांत कुणी म्हणजे कुणी उठलं नव्हतं. एकदा एकाच्या पायात गोळा आला म्हणून तो बिचारा उठला, तर लोक पाच वर्षं त्याच्याकडे संशयानं बघत होते.

त्या रविवारीही कुणी उठलं नाही. मिस्त्रीही नाही. तेव्हा तर काही बिघडलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी मिस्त्री पलंगाच्या कडेला बसून मोजे घालत होता. एक मोजा पायात, एक हातात. आणि त्याला तार आठवली.

हे नीट ऐका. त्याला आठवली. अगदी लख्ख, लाल, शेपटासकट. उपासना झाली होती, म्हातारे वर पोचले होते, आता तार काढून लिफ्ट बंद ठेवायला हवी होती. वाट वाकडी करून जायचं, मशीनच्या खोलीपर्यंत चढायचं, वर अध्यक्षांचं तोंड बघायचं. तो मोजा हातात धरून बसला. आणि मग म्हणाला, "गुरुवारी कडी येतेच आहे." आणि मोजा पायात घातला.

बस, एवढंच. कुणी त्याच्या मानेवर सुरी ठेवली नव्हती.

मंगळवारी सकाळी दहा वाजता तिथली इस्त्रीवाली तिसऱ्या मजल्यावर उभी होती. हातांवर घडी केलेल्या चादरींची चळत, हनुवटीपर्यंत. लिफ्ट होती दुसऱ्या मजल्यावर. कडी धरत नव्हती, त्यामुळे कोपरानं ओढताच दार उघडलं. दार उघडलं म्हणजे लिफ्ट समोर आहे, हे लहान पोरालाही माहीत. चादरींमुळे पुढचं दिसत नव्हतं. तिनं पाऊल टाकलं.

मिस्त्री दोन गल्ल्या सोडून काम करत होता. निरोप आला तसा धावत सुटला. आता इथे मी काहीही फेकत नाहीये, मास्तर. तो पोचला तेव्हा लोक तिला लिफ्टच्या टपावरून काढत होते आणि ती ओरडत होती. आणि हा तिच्याकडे गेला नाही. हा जिन्यानं वर गेला. चारही मजले. खालून तो आवाज येत होता आणि यानं पॅनेल उघडलं, तार ओढून काढली, खिशात घातली, झाकण लावलं, आणि मग खाली येऊन स्ट्रेचरला हात लावला.

ती टपावर पडली आणि दार उघडं असूनही लिफ्ट हलली होती, तारेमुळे. गुडघ्याखालून पाय गेला तिचा.

तपासणी अधिकारी आले. झिजलेली कडी बघितली, तोंड वाकडं केलं आणि लिहिलं: जुना माल, झीज, अपघात. अध्यक्षांनी आकाशाकडे बघून म्हटलं, "देवाची इच्छा." युक्तीबद्दल त्यांनी विचारलं नाही, यानं सांगितलं नाही.

आणि मग मिस्त्रीला राग यायला लागला. तुम्ही म्हणाल, याला कसला राग? राग तर बाईला यायला हवा. पण तसं झालं खरं. जो भेटेल तो त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, देवाची इच्छा." शेजारी म्हणाला, देवाची इच्छा. न्हावी म्हणाला, देवाची इच्छा. न्हाव्याच्या हातात वस्तरा होता म्हणून वाचला, नाहीतर मिस्त्रीनं त्याला तिथेच आडवा केला असता. त्याला ओरडावंसं वाटायचं: अरे, देवाला कशाला ओढता मध्ये? देव काय पक्कड घेऊन वर गेला होता? उद्या लिफ्ट बंद पडली तर बोलवा देवालाच, हत्यारांची पेटी मी पाठवतो! हा सगळा आरडाओरडा पोटात. तोंडानं म्हणायचा, "हो ना. काय करणार."

बायकोला पँट धुताना खिशात तार सापडली. ती काय समजायचं ते समजली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "विसरला असाल. माणूस आहे, विसरतो."

"विसरलो नाही!" असा गरजला की कपाटातल्या सहाच्या सहा कपांचे कान गळून पडले. "माझ्याकडून हे तरी हिसकावून घेऊ नकोस! मला आठवलं होतं! मोजा हातात होता माझ्या!"

"मग तिला जाऊन सांगा की," बायको म्हणाली. "माझ्यावर काय खेकसता? मी काय तिसरा मजला आहे?"

गेला. खरंच गेला इस्पितळात. आणि इथून ती गोष्ट सुरू होते जिच्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. तो इस्पितळाच्या लिफ्टमध्ये चढला, आत आणखी सहा माणसं. पहिला आणि दुसरा मजला यांच्या मधोमध लिफ्ट थांबली. कुणीतरी दार फाकवून याला बाहेर ओढलं, आणि लिफ्ट सुरू झाली. यानं पुढच्या मजल्यावर पुन्हा चढून बघितलं. पुन्हा मधोमध. त्या दिवसापासून गावातल्या एकाही लिफ्टनं त्याला वर नेलं नाही. हा चढला की थांबायची, हा उतरला की निघायची. कंपनीतला त्याचा जोडीदार लिफ्टमध्ये उभा राहून काम करायचा आणि हा जिन्यात उभा राहून शिव्या द्यायचा. एकदा सात मजली इमारतीत तो लिफ्टच्या पोकळीत डोकं घालून ओरडला, "मी तुम्हाला तेल घालतो, मी तुमचे दोर बघतो, आणि तुम्ही मला न्याय शिकवता?" आवाज वर गेला, घुमला, आणि सातव्या मजल्यावरून उलट आला. फक्त दोनच शब्द. "मला न्याय."

"आता पुरे," मास्तर म्हणाले.

बरं. हे सोडून द्या.

तर इस्पितळात तो जिन्यानं चढून तिच्या खाटेपाशी गेला. धापा टाकत. खिशात तार. तिनं त्याला बघितलं आणि म्हणाली, "मिस्त्रीदादा, एवढे जिने चढून कशाला आलात?" त्याला बसायला स्टूल दाखवलं. मग म्हणाली, "सगळे म्हणतात देवाची इच्छा. असेल. पण मी रोज त्याला विचारते, का? माझं काय चुकलं? तो बोलतच नाही."

उत्तर तिच्या खाटेपासून हातभर अंतरावर, पँटच्या उजव्या खिशात होतं. मिस्त्री काय बोलला असेल? "असं म्हणू नका!" म्हणून तिच्यावरच ओरडला. तिच्यावर. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठली. हा तडक बाहेर.

तिथून थेट पाळकसाहेबांकडे. पाळक हॉलमध्ये गुडघ्यांवर बसले होते, पण प्रार्थनेला नव्हे. मेज डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली कागदाची घडी सरकवत होते.

"पाळकसाहेब, एक विचारू? समजा, एखाद्याचा हात चुकीच्या जागी चाललाय. देवाला वरून दिसतंय. मग तो मनगट का धरत नाही?"

"धरलं तर तो हात कुणाचा राहील?" पाळक खालूनच म्हणाले.

"हात गेला खड्ड्यात! बाईचा पाय गेला!"

पाळक मेजाखालून बाहेर आले. हळूच. "बाईचा पाय. मला वाटलं आपण 'समजा' बोलतोय."

मिस्त्रीचे कान लाल.

"देव मनगट धरत नाही," पाळक म्हणाले. "त्यानं आपल्याला बाहुली केलं नाही, माणूस केलं. मलाही कधी कधी त्याचा राग येतो त्यावरून. पण तो हाक मारतो. आतून. तुम्हाला हाक ऐकू आली होती का, मिस्त्री?"

एक मोजा पायात, एक हातात. आणखी कशी मारायची असते हाक?

"मला काही ऐकू आलं नाही," मिस्त्री म्हणाला, आणि दार असं आपटून गेला की मेजाखालची कागदाची घडी निसटली आणि मेज पुन्हा डुगडुगायला लागलं.

आता त्याचा राग कुणावर होता सांगू? अध्यक्षांवर होता, कारण ते खोटं बोलत होते. आणि पाळकांवर त्याहून जास्त, कारण ते खरं बोलत होते. "देवाची इच्छा" म्हटलं की मिस्त्री सुटत होता, पण मग तो माणूसच उरत नव्हता. देवाच्या हातातला पाना झाला. आणि माणूस राहायचं म्हटलं तर पाय त्याच्या नावावर. दोन्हीकडून दार बंद, आणि हा मधोमध अडकलेला. लिफ्टसारखा. महिनाभर तो भिंतींवर, चहाच्या वाफेवर, स्वतःच्या डाव्या मोज्यावर चिडत राहिला. देवावर तर असा चिडला, की प्रार्थनेला बसला की पहिलं वाक्य असायचं, "मला हे स्वातंत्र्य दिलंस कशाला? मी मागितलं होतं?"

असे सहा आठवडे गेले. पुन्हा प्रभुभोजनाचा रविवार आला.

इस्त्रीवालीला चाकांच्या खुर्चीत आणलं होतं. पहिल्या बाकाच्या शेजारी, वाटेवरच. गुडघ्यांवर चादर, घडी मोडलेली. मिस्त्री मागून दुसऱ्या बाकावर. खिशात तार. गाणं झालं. पाळक उभे राहिले. "ज्याच्या मनाला काही टोचतंय, त्यानं उठावं." आणि गप्प झाले. बोट मेजावर हललं. एक. दोन.

अध्यक्ष आपल्या बुटांकडे बघत होते. पाच. सहा. मिस्त्रीच्या मांडीला तार टोचत होती, कापडातून, कातडीतून, थेट हाडाला. नऊ. दहा. पाळक त्याच्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते. तेरा. त्याला वाटलं, आता तरी देवानं मनगट धरावं आणि उठवावं. कुणी धरलं नाही. सगळी मोकळीक. सोळा. सतरा.

आणि अठराव्याला मिस्त्री उठला!

उठला तो असा, की बाक मागच्या भिंतीवर जाऊन आदळलं. "देवाला सोडा!" तो ओरडला. "त्याची इच्छा नव्हती ही! माझी होती! मला आठवलं होतं आणि मी गेलो नाही!" त्या आवाजानं वरची घंटा आपोआप वाजली. गावातल्या सगळ्या लिफ्ट एकदम खाली आल्या आणि दारं उघडून उभ्या राहिल्या, जसे शिपाई. तो चालत पुढे गेला, लाल तार खिशातून काढली आणि भाकरीशेजारी मेजावर ठेवली. अध्यक्ष रडले. अकरा म्हातारे रडले. आणि ती इस्त्रीवाली, तिनं दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली...

सुयांची टकटक कधी थांबली कुणास ठाऊक.

"खोटं," खिडकीजवळच्या मावशी म्हणाल्या.

त्यांनी विणकाम खाली ठेवलं. काठीला हात घातला, पण उठल्या नाहीत.

"गाव दुसरं नाही, हेच आहे. या पाटीमागची लिफ्ट नवी असेल, भोक तेच आहे. आणि त्या रविवारी कुणी उठलं नाही. घंटा नाही, बाक नाही, काही नाही. मी वाटेवर चाकाच्या खुर्चीत होते. पाळकांबरोबर मीही मोजत होते. वीस झाले आणि त्यांनी भाकर उचलली. तुम्ही मागून दुसऱ्या बाकावर होतात, आणि तुम्ही हात पुढे करून ती घेतलीत." त्यांचा आवाज चढला नाही, पण मास्तरांनी आपली खुर्ची मागे सरकवली. "सव्वीस वर्षं मी देवाशी भांडले. उभं आयुष्य त्याला विचारलं, का? आणि उत्तर तुमच्या खिशात होतं. ती तार होती, हे मी आज पहिल्यांदा ऐकतेय, मिस्त्री. तेही गोष्टीत, आणि गोष्टीत स्वतःला उठवून वर माझ्याकडून माफीही घ्यायला निघालात! मी काय म्हणणार ते तुम्ही नाही सांगायचं. ते मी सांगेन, आणि आधी तुम्ही उठल्याशिवाय सांगणार नाही. कुणी मनगट धरणार नाही तुमचं. मी वीसपर्यंत मोजते. एक."